मनकर्णाच्या नावावरची रेघ

कातळवाडी, ता. अकोले
११ नोव्हेंबर २०२५

प्रिय मनू,

पाकिटावर पाठवणाऱ्याचं नाव मी मुद्दाम घातलेलं नाही. घातलं असतं तर तू ते न उघडताच फाडून टाकलं असतंस, आणि त्यात तुझी काही चूक नसती. आता उघडलंच आहेस तर शेवटपर्यंत वाच. दोन ठिकाणी तुला फार राग येईल, तरी वाच. मी रुपाली. तुझ्या मामाची रुपाली, जिच्याबरोबर तू झऱ्यावर हंडे घेऊन जायचीस ती. तुझ्या दादाची बायको हे नातं नंतरचं आहे, ते तू मोजत असशील की नाही मला माहीत नाही.

तुझा फोन नंबरही माझ्याकडे आहे. तीनदा लावला आणि तीनदा वाजायच्या आधी बंद केला. फोनवर तुझा आवाज ऐकला असता तर मी रडले असते, तूही कदाचित रडली असतीस, आणि जे सांगायचं ते राहून गेलं असतं. कागदावर मला थांबता येतं, खोडता येतं, पुन्हा लिहिता येतं. हे चौथं पत्र आहे. आधीची तीन मी पूर्ण केली नाहीत.

पत्ता कसा मिळाला ते सांगते, म्हणजे तुला भीती वाटणार नाही. मी आता आशाताई आहे. सहा वर्षं झाली. ऑगस्टमध्ये आमचं प्रशिक्षण नगरला होतं, तिथे सुरेखा नावाच्या एक सिस्टर शेजारी बसल्या होत्या. मी कातळवाडीची म्हटल्यावर त्या म्हणाल्या, आमच्या काष्टीच्या दवाखान्यात एक सिस्टर आहेत, त्याही तुमच्याच डोंगरातल्या, पण गावाचं नाव काढलं की विषय बदलतात. मग म्हणाल्या, त्यांची मुलगी यशोधरा चौथीत आहे, फार हुशार आहे, सासू विमलबाई तिला एक मिनिट खाली ठेवत नाहीत. मी जेवणाच्या सुट्टीत जेवले नाही. तुला मुलगी आहे, तुझ्या घरात तिला उचलून घेणारं माणूस आहे, एवढं ऐकून पोट भरलं म्हटलं तर तुला खोटं वाटेल. तुझा पत्ता मी त्यांच्याकडून मागून घेतला, आणि तरी तीन महिने काही केलं नाही.

गावची खबर सांगायची तर आता वाडीपर्यंत डांबरी रस्ता आला आहे. पावसाळ्यात तीन महिने येणंजाणं बंद पडायचं ते आता पडत नाही. शाळेला दुसरी खोली झाली. खालच्या आळीतले आसारामबाबा अजून आहेत, काठी टेकत फिरतात. आणि तुझे तात्या गेले, मनू. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, राजूरला, पाच दिवसांत. तुला शोधून कळवायचं नाही असं घरात ठरलं, आणि ठरवणाऱ्यांत मीही होते. शेवटी त्यांनी तुझं नाव घेतलं असं मी लिहू शकले असते, तुला बरं वाटलं असतं. पण घेतलं नाही. या पत्रात मी एकही खोटी गोष्ट लिहायची नाही असं ठरवून बसले आहे.

मला दोन मुलं. ओंकार अकरा वर्षांचा, तब्येतीनं ठीक. आणि निकिता, आठ पूर्ण झाली. तुझ्यासारखं कपाळ आहे तिचं, रुंद, आणि हट्टसुद्धा तसाच. वर्गात पहिल्या बाकावर बसते, कारण मागून फळ्यापर्यंत चालत गेलं तरी तिला दम लागतो. सहा महिन्यांची होती तेव्हा दूध पिता पिता थकायला लागली. ओठ पांढरे, नखं पांढरी. आत्या, तुझी आई, म्हणाल्या, उन्हाळा बाधला. तुझा दादा म्हणाला, दात येत असतील. मी काहीच म्हणाले नाही. मला मात्र पहिल्या दिवशीच कळलं होतं.

तुला तुझा धाकटा भाऊ अमृत आठवतो ना. आपण दोघी दहा-अकरा वर्षांच्या होतो, तो चार वर्षांचा. पोट एवढं मोठं आणि हातपाय काडीसारखे. त्याला गाणी पाठ करायला फार आवडायचं, आणि दोन ओळी म्हणून झाल्या की तो मांडीवर आडवा व्हायचा. त्याला झोळीत घालून राजूरला नेलं आणि अर्ध्या वाटेवरून झोळी परत आली. तेव्हा गावानं म्हटलं, पांढरी रुसली. जुनं गाव धरणाच्या पाण्यात गेलं, पांढरीची देवी खाली राहिली, म्हणून ती दर दोन-चार वर्षांनी एक पोर पांढरं करून नेते. मग पाण्याच्या कडेला बोकड कापला. तू त्या दिवशी जेवायला बसली नाहीस. मला म्हणालीस, "देवीला पोरं कशाला लागतील, रुपे? हा कायतरी रोग हाय. मी त्याचं नाव हुडकून काढनार." आणि खरंच तू नगरला नर्सिंगला गेलीस. आपल्या वाडीतून दहावीच्या पुढे गेलेली तू पहिली मुलगी.

त्या रोगाचं नाव आता मला रोज घ्यावं लागतं. थॅलेसेमिया मेजर. दर वीस दिवसांनी निकिताला संगमनेरला न्यायचं आणि रक्त चढवायचं. पहाटे निघतो, बजरंग जीप काढतो. माझा भाऊ, तू ज्याच्याशी लग्न केलं नाहीस तोच. तो वाटभर बोलत नाही, पण आजवर एक फेरी चुकवली नाही त्यानं. तिथे नस सापडेपर्यंत तीन-चारदा टोचतात. आधी निकिता रडायची, आता स्वतःच सिस्टरला सांगते, "डाव्या हाताला बगा, तिथं सापडतीय." ती असं म्हणाली की मी खोलीच्या बाहेर जाते. चढवलेल्या रक्तातलं लोह साठून काळीज आणि यकृत बिघडतं, म्हणून ते उतरवायच्या गोळ्या वेगळ्या. त्या पोटात ठरत नाहीत.

आणि सगळ्यात वाईट गोष्ट अशी की तिच्यासाठी रक्त द्यायला आपलं गाव जीपमध्ये भरून नेलं, आणि निम्म्या लोकांना त्यांनी परत पाठवलं. म्हणाले, तुमचंच रक्त कमी आहे, तुम्ही काय देणार. तुझा दादा तर दारातूनच परत आला. तोपर्यंत गावाला वाटायचं, डोंगरात चढउतर करतो, अंगात रग आहे.

मागच्या वर्षी जानेवारीत पुण्याच्या एका संस्थेची माणसं आली. संगमनेरच्या डॉक्टरांनी त्यांना कळवलं होतं, की एकाच वाडीतून अशी तीन पोरं येतात. त्यांच्या मुख्य दिशा मॅडम. बारीक, उन्हानं रापलेल्या, मांडी घालून जमिनीवर बसणाऱ्या. त्यांना प्रत्येकाचं थोडं रक्त हवं होतं, आणि प्रत्येक घराची वंशावळ. कोण कोणाचा, कोणाची लेक कुठे दिली, कोणाची कुठून आणली. मी आशाताई, म्हणून ते काम माझ्याकडे आलं. पुरुषासाठी चौकोन काढायचा, बाईसाठी गोल, लग्नाची आडवी रेघ, मुलांच्या उभ्या रेघा, आणि गेलेल्या माणसावर तिरकी रेघ मारायची. पंधरा दिवस मी दारोदार बसून ते करत होते. शेवटी कागद चिकटवत चिकटवत शाळेच्या भिंतीइतका लांब झाला.

तू हे सगळं बारा वर्षांपूर्वी मला बोटानं मातीत काढून दाखवलं होतंस. तेव्हा मला कळलं नव्हतं, किंवा कळून घ्यायचं नव्हतं. धरण झालं तेव्हा सात घरं वर आली. चार घरांची एक भावकी, ती वरची आळी. तीन घरांची दुसरी, ती खालची. भावकीत लग्न चालत नाही, म्हणून वरच्या आळीच्या लेकी खाली आणि खालच्या वर. बाहेरचं कोणी इथे मुलगी द्यायला तयार नव्हतं, पाणी डोक्यावरून आणायचं, रस्ता नाही, पावसाळ्यात आजारी पडलं तर मरायचं. आपल्याही लोकांना ते बरंच वाटायचं, जमीन घरात राहते, पोरगी डोळ्यांसमोर राहते. चार पिढ्या असंच चाललं. कागदावर मी रेघा काढत गेले तशा त्या एकमेकींना छेदायला लागल्या, मग पुन्हा पुन्हा छेदायला लागल्या. दिशा मॅडम म्हणाल्या, अशी वंशावळ झाडासारखी फुटत जायला हवी, ही जाळ्यासारखी झाली आहे.

त्याच वर्षी मे महिन्यात त्यांनी शाळेत सगळ्यांना बोलावून निकाल सांगितला. कोणाचं नाव घेतलं नाही. म्हणाल्या, कातळवाडीतली कुठलीही दोन माणसं घेतली, तरी ती रक्तानं जवळजवळ चुलत भावंडांइतकी जवळची आहेत, मग ती वरच्या आळीची असोत की खालच्या. एकशे शहाऐंशी माणसांत एकावन्न जणांच्या अंगात हा दोष झाकलेला आहे. ज्याच्या अंगात एकच, त्याला काही होत नाही, थोडं रक्त कमी. पण तसे दोघे एकत्र आले की चारातलं एक मूल निकितासारखं होऊ शकतं. हा दोष बहुधा त्या सात घरांपैकी एखाद्याच माणसाबरोबर वर आला असेल. आसारामबाबांनी विचारलं, "म्हंजी बाई, आमी समदे एकाच घरचे?" मॅडम म्हणाल्या, जवळजवळ. लोक हसले. मग बाबा म्हणाले, "नाचनीचं बी आमी तीन वर्सांनी दुसऱ्या गावचं आनतो, न्हाईतर दाना बारीक पडतो. पोरींचं मातुर..." कोणी हसलं नाही.

नंतर बंद पाकिटं घरोघर द्यायचं काम माझं होतं. त्यानं काय झालं ते विचारू नकोस. दोन सोयरिकी मोडल्या. एका घरानं पाकीट माझ्या अंगावर फेकलं. खालच्या आळीतल्या बायका झऱ्यावर मला बघून हंडा उचलून निघून जातात, जसं काही मीच त्यांच्या रक्तात ते घातलं. तेव्हा मला तू फार आठवलीस. तू पंचवीस-तीस माणसांसमोर उभी राहून हेच म्हणाली होतीस, लग्नाआधी रक्त तपासा म्हणून, आणि तात्यांनी तुला सगळ्यांदेखत मारलं होतं. मी तिथेच दाराला टेकून उभी होते.

आता पहिली गोष्ट, जिचा तुला राग येईल. आपल्या घराची वंशावळ मी शेवटी काढली. आत्या आणि तात्यांच्या खाली मी दोन मुलं दाखवली. तुझा दादा सूर्यभान, आणि अमृतवर तिरकी रेघ. दिशा मॅडमनी खात्री करायला आत्यांना विचारलं, तुम्हाला मुलं किती झाली? आत्या तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर न करता सांगितलं, "तीन. दोन गेली." मॅडमनी विचारलं, दुसरं मूलसुद्धा याच आजारानं गेलं का? आत्या म्हणाल्या, "ती त्यानं न्हाई गेली," आणि सूप ठेवून आत निघून गेल्या. मॅडमनी कागद माझ्याकडे सरकवला. मी एक गोल काढला. त्याखाली तुझं नाव लिहिलं, मनकर्णा. पेन माझ्या हातात होतं. मी सांगू शकले असते की ही कुठेतरी आहे, जिवंत आहे, तिच्या आईनं तिचं दहावं घातलं एवढंच. मी त्या गोलावर तिरकी रेघ मारली. मॅडमनी कागद उचलला आणि पुढचं घर विचारलं.

दुसरी गोष्ट मी बारा वर्षं कोणाला सांगितली नव्हती. वाडीत ती फक्त तुला आणि मला माहीत होती. लग्नाच्या आधीच्या सुट्टीत तू शिकायचं म्हणून आपल्या दोन्ही घरांतल्या सगळ्यांचं रक्त घेतलंस, आणि तुझा तुषार नगरच्या ज्या दवाखान्यात तपासणीच्या खोलीत होता तिथे ते तपासलं गेलं. आपलं साटंलोटं ठरलेलं, मी तुझ्या दादाला आणि तू बजरंगला, एकाच मांडवात. हळदीच्या आदल्या दिवशी तू मला गोठ्याच्या मागे नेलंस आणि दोन छापील कागद हातात दिलेस. एक तुझ्या दादाचा, एक माझा. म्हणालीस, "दोघांचं सारखंच हाय, रुपे. पोराला अमृतवानी हुईल. मी उद्या जातेय, माझं मोडलं की साटंलोटं आपोआप मोडंल. तू फकस्त न्हाई म्हन. बाकी मी बगते." आणि तू कुठून जाणार, किती वाजताच्या गाडीनं, राजूरला तुषार कुठे थांबणार, सगळं मला सांगितलंस. तुझा माझ्यावर तेवढा भरवसा होता.

मला तुझा दादा चौदाव्या वर्षापासून आवडत होता, मनू. हे तुला माहीत होतं. मला वाटलं, तुला तुझ्या मनासारखं करायचंय म्हणून तू मलाही त्यात ओढते आहेस. वाटलं, तुझ्या निघून जाण्यात माझं लग्न मोडणार, मग मला कोण विचारणार. वाटलं, कागदाला काय कळतंय. मी ते दोन्ही कागद पाणी तापवायच्या चुलवणात घातले. आणि सकाळी आत्यांनी मनू कुठे दिसत नाही असं विचारलं तेव्हा मी दम धरू शकले असते, पण धरला नाही. राजूरचा थांबा मीच सांगितला. तुझ्या दादानं आणि बजरंगनं तिथे तुषारला काय केलं ते मी नंतर ऐकलं. हाताला प्लेट बसवावी लागली म्हणतात. ज्या हातानं तो काचेच्या नळ्या धरायचा तोच हात. तरी तू त्याच्याबरोबरच निघून गेलीस. दुसऱ्या दिवशी पंधरा माणसांत माझं लग्न लागलं. सगळ्यांना वाटलं, निदान एक तरी पार पडलं.

ओंकार चांगला झाला तेव्हा मी स्वतःला सांगितलं, बघ, मनूचं चुकलं. निकिता पोटात असताना मी आशाताई नव्हते, पण बाळाची तपासणी करता येते एवढं ऐकलं होतं. विचारलं असतं तर का विचारतेस ते सांगावं लागलं असतं. मी नाही विचारलं. पुढे संगमनेरच्या डॉक्टरांनी आम्हाला दोघांना समोर बसवून विचारलं, लग्नाआधी कधी रक्त तपासलं होतं का? तुझा दादा नाही म्हणाला, आणि त्याच्यापुरतं ते खरं होतं, त्याला वाटायचं तू नुसता सुई टोचायचा सराव केलास. मीही नाही म्हणाले.

दोन तारखेच्या रविवारी मी त्यांना, तुझ्या दादाला, सांगितलं. खळ्यावर भाताची झोडणी चालू होती, मुलं घरी होती. सगळं सांगितलं, कागद, चुलवण, राजूर, सगळं. ते हातातली पेंढी झोडत राहिले. तिच्यात एक दाणा उरला नव्हता तरी तीच झोडत होते. दोन दिवस घरात जेवले नाहीत, वावरातल्या झापावर, खोपीत राहिले. तिसऱ्या दिवशी आले, निकिताला गोळी दिली, ती गिळेपर्यंत पाण्याचा तांब्या धरून बसले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तिला तूच लिव. माझं नाव बगितलं तर ती वाचनार न्हाई, आन् वाचू पन नये." आमच्यात पुढे काय होईल ते मला माहीत नाही. त्यांनी मला घराबाहेर काढलं तरी मी काही म्हणणार नाही. पण ते नंतर.

बजरंगला काल सांगितलं. तो जीप धूत होता. पाणी बंद करून म्हणाला, "काष्टीला सोडू का तुला?" मी म्हटलं, आधी पत्र जाऊ दे. मला धीर नाही, मनू. तुझ्या दारात उभं राहायचा मला हक्कही नाही. तुझ्या सासूबाईंनी मी कोण ते कळून दार लावलं तर मी त्यांना काय सांगणार, की तुमच्या मुलाचा हात माझ्यामुळे मोडला?

आता ज्यासाठी लिहायला बसले ते लिहिते. निकिताला बरं करायचा एकच उपाय आहे, तिला दुसऱ्या कोणाची तरी अस्थिमज्जा देणं. तू सिस्टर आहेस, तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं. खर्चाचं एक संस्था बघणार आहे, पुण्याचे डॉक्टर तयार आहेत, फक्त जुळणारं माणूस नाही. ओंकारचं जुळलं नाही. माझं, तुझ्या दादाचं, आत्यांचं, बजरंगचं निम्मं निम्मं जुळतं. दिशा मॅडम म्हणाल्या होत्या, एवढ्या जवळच्या रक्ताच्या गावात कोणीतरी मिळायलाच हवं, म्हणून पंधरा महिने वंशावळीतलं एकेक नाव घेऊन त्यांनी वाडी तपासली. तुझं नाव त्यांनी घेतलं नाही, कारण त्यावर मी रेघ मारली होती. मागच्या महिन्यात त्यांचा फोन आला. म्हणाल्या, सगळे संपले, सूर्यभानची ती बहीण असती तर तिचं जुळायची सर्वांत जास्त शक्यता होती, ती निकिताच्या बापाची सख्खी बहीण आणि आईचीही आत्येबहीण. मी सांगितलं, ती आहे. यकृतात लोह वाढत चाललंय, येत्या उन्हाळ्याच्या आत झालं तर बरं, नंतर अवघड, असं डॉक्टर म्हणतात. पहिल्यांदा फक्त गालाच्या आतून कापूस फिरवून घेतात, तो नगरलाही देता येतो. जुळलं तरच पुढचं. तुझ्या अंगात तो दोष झाकलेला असला तरी चालतं. आम्हाला कोणाला भेटायची गरज नाही, तू आलीस ते आम्हाला कळणारही नाही अशी व्यवस्था मॅडम करतील. त्यांचा नंबर वेगळ्या चिठ्ठीवर लिहून पाकिटात ठेवलाय. तुषारला हे पत्र दाखव, त्यांना न विचारता काही करू नकोस. आत्यांना मी आज सकाळी सांगितलं. त्या म्हणाल्या, "तिला म्हनावं, आईला बगू नको. पोरीला बग." माफी मागायला मी हे लिहिलेलं नाही, ती मिळण्यासारखी नाही. नाही म्हणायचं असेल तर नाही म्हण. पण जे काय असेल ते लवकर कळव, मनू. अठ्ठावीस तारखेला आम्ही पुण्यात आहोत, आणि त्या दिवशी डॉक्टर विचारतील, अजून कोणी आहे का.

तू जे नातं ठेवशील त्या नात्यानं, आणि नाही ठेवलंस तरी तुझीच,
रुपाली